ॲम्प्लिफायरला सरळ कसं करतात?

1. आवाज फाटतो तेव्हा

गणेशोत्सवात मंडपातला साउंडवाला आवाज जरा जास्तच चढवतो आणि गाणं फाटतं. शब्द कळेनासे होतात, ढोलकीची थाप नुसती खरखरते. ऐकणाऱ्या कुणालाही प्रश्न पडावा: जे आत आलं ते मोठं करून बाहेर द्यायचं, एवढंच ॲम्प्लिफायरचं काम असेल, तर तो मध्येच आपल्या पदरचं काही का मिसळतो?

मंडपात या प्रश्नाचं उत्तर सोपं असतं. आवाज थोडा उतरवला की झालं. मोबाइलच्या टॉवरवरही असाच ॲम्प्लिफायर असतो. फरक इतकाच की तो सेकंदाला काहीशे कोटी वेळा हेलकावणारे रेडिओ संदेश मोठे करतो, आणि त्याचा 'आवाज' उतरवला तर वीजबिल चढतं. तो फाटला तर त्रास फक्त त्याच्या ग्राहकांना होत नाही, शेजारच्या पट्ट्यात बोलणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांनाही होतो.

आकड्यांत बघू. समजा, एक ॲम्प्लिफायर व्होल्टेज दसपट करतो. 1 व्होल्ट दिला तर 10, 2 दिले तर 20, 3 दिले तर 30 मिळायला हवेत. हे आकडे आलेखावर मांडले तर सरळ रेषा येते. प्रत्यक्षात मात्र 9.9, 19.2 आणि 27.3 मिळतात. म्हणजे तूट आहे 0.1, 0.8 आणि 2.7 व्होल्टची. नीट पाहिलं तर आत दिलेल्या आकड्याचा घन करून त्याचा दहावा हिस्सा घेतला की नेमकी ही तूट येते. ट्रान्झिस्टरला पुरवलेल्या व्होल्टेजच्या मर्यादा असतात. त्या जवळ येऊ लागल्या की तो हात आखडता घेतो आणि रेषा वरच्या टोकाला वाकते.

या घनामुळे एक वाईट गोष्ट होते. संदेश दुप्पट केला की चूक दुप्पट होत नाही, आठपट होते. उलट बाजूने हीच गोष्ट चांगली ठरते: संदेश निम्मा केला की चूक एक-अष्टमांश होते. साउंडवाल्याने बटण जरासं मागे घेतलं तरी गाणं एकदम स्वच्छ होतं, ते यामुळेच.

2. भेसळ जाते कुठे?

एकच सूर असता तर भेसळीचं फार बिघडलं नसतं. 3400 मेगाहर्ट्‌झची एकच लहर वाकड्या ॲम्प्लिफायरमधून काढली तर तिची तिप्पट, म्हणजे 10,200 मेगाहर्ट्‌झ, तयार होते. ती इतकी दूर असते की साधा फिल्टर तिला अडवतो.

घोळ होतो तो दोन लहरी एकत्र आल्यावर. 3400 आणि 3410 मेगाहर्ट्‌झ अशा दोन लहरी दिल्या की घन होताना त्या एकमेकींत गुंततात आणि दोन नव्या लहरी जन्माला येतात. पहिलीची दुप्पट वजा दुसरी म्हणजे 3390, आणि दुसरीची दुप्पट वजा पहिली म्हणजे 3420. या दोन्ही अगदी खेटून असतात, फिल्टरने वेगळ्या काढता येत नाहीत. अभियंते याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात.

आता दोनच्या जागी हजारो लहरी घ्या. 5जीचा 100 मेगाहर्ट्‌झ रुंद संदेश नेहमीच्या मांडणीत 3276 बारीक लहरींचा बनलेला असतो. त्यातली प्रत्येक दुसरीशी गुंतते. परिणामी, 100 मेगाहर्ट्‌झ रुंदीचा संदेश ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडताना दोन्ही अंगांना 100-100 मेगाहर्ट्‌झ भेसळ घेऊन निघतो. घनाच्या पुढच्या, पाचव्या घाताच्या वाकडेपणामुळे ती आणखी 100-100 मेगाहर्ट्‌झ पसरते.

किती भेसळ चालते? इथे डेसिबेल समजून घ्यावं लागेल. शक्तीच्या हिशेबात 10 डेसिबेल म्हणजे दसपट, 20 म्हणजे शंभरपट, 30 म्हणजे हजारपट. 5जीच्या मध्यम पट्ट्यांतल्या टॉवरकडून शेजारच्या पट्ट्यात जाणारी गळती आपल्या संदेशापेक्षा साधारण 45 डेसिबेलने, म्हणजे सुमारे 31,600 पटींनी, कमी असावी अशी अपेक्षा असते. टॉवर 40 वॉट पाठवत असेल तर गळती सव्वा मिलिवॉटच्या आसपास राहायला हवी. एवढा काटेकोरपणा उगाच नाही. फोनपर्यंत पोचणारा संदेश कित्येकदा वॉटच्या एक-लक्ष-कोटीव्या हिश्शाएवढाच उरलेला असतो. त्याच्या पुढ्यात सव्वा मिलिवॉट प्रचंडच म्हणायचे.

3. हात राखून चालवणं

सर्वांत सोपा उपाय साउंडवाल्याचाच. ॲम्प्लिफायर मोठा घ्यायचा आणि दबकत चालवायचा. 40 वॉट हवेत तर 400 वॉटचा घ्यायचा.

तसं करणं भागही असतं, कारण त्या हजारो लहरी कधी एकमेकींना छेद देतात तर कधी योगायोगाने सगळ्या एकाच वेळी वर येतात. त्या क्षणी शक्तीची उसळी सरासरीच्या दसपट होऊ शकते. उसळी कापली गेली की भेसळ झालीच. म्हणून ॲम्प्लिफायर उसळीच्या मापाचा घ्यावा लागतो आणि बहुतेक वेळ तो सरासरीवर रेंगाळतो.

यात वीज वाया जाते. 'क्लास बी' नावाच्या रचनेचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला तर सैद्धांतिकदृष्ट्या ओढलेल्या विजेपैकी 78.5 टक्के संदेशात जाते. तोच एक-दशांश शक्तीवर चालवला की हे प्रमाण 25 टक्क्यांवर येतं. उरलेली तीन-चतुर्थांश वीज उष्णता होते. टॉवरवरच्या पेट्यांना मागच्या बाजूला ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या असतात, त्या ही उष्णता घालवण्यासाठीच.

बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या विल्यम डोहर्टी यांनी 1936 मध्ये यावर तोडगा काढला. त्यांनी दोन ॲम्प्लिफायर जोडले. एक कायम कामावर, दुसरा फक्त उसळी आली की मदतीला. दोनच वर्षांत अमेरिकेत केंटकीतल्या लुइव्हिल शहरातील 'डब्ल्यूएचएएस' या रेडिओ केंद्राने 50 किलोवॉटचा असा ट्रान्समीटर लावला. मोबाइलच्या टॉवरवर आजही प्रामुख्याने डोहर्टींचीच रचना असते. पण दुसरा गडी कामाला लागतो तिथे रेषेला बाक येतोच. वीज वाचवायची तर वाकडेपणा पत्करायचा, आणि मग तो वेगळ्या मार्गाने काढायचा.

4. फेरीबोटीवरचा कागद

तो मार्ग शोधण्याचं श्रेय हॅरॉल्ड ब्लॅक यांना जातं. 1921 मध्ये ते वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत लागले तेव्हा दूरवरच्या टेलिफोनची अडचण अशी होती की तारेत आवाज क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर ॲम्प्लिफायर लागतात आणि प्रत्येक जण आपली थोडी भेसळ करून संदेश पुढे ढकलतो. सगळे अभियंते ॲम्प्लिफायरमधली व्हॅक्यूम ट्यूब निर्दोष करण्याच्या मागे होते. 1923 च्या मार्चमध्ये विख्यात विद्युततज्ज्ञ चार्ल्स स्टाइनमेट्झ यांचं भाषण ऐकून आल्यावर ब्लॅक यांनी प्रश्नच बदलला. ट्यूब वाकडीच राहणार हे मान्य केलं, तर तिची भेसळ नंतर वेगळी काढता येईल का?

त्यांचं पहिलं उत्तर पुढे 'फीडफॉरवर्ड' म्हणून ओळखलं गेलं. ॲम्प्लिफायरमधून बाहेर आलेला संदेश तेवढ्याच पटीने लहान करायचा, त्यातून मूळ संदेश वजा करायचा. उरते ती निव्वळ भेसळ. ती दुसऱ्या ॲम्प्लिफायरने मोठी करायची आणि बाहेर जाणाऱ्या संदेशातून वजा करायची. कल्पना बिनतोड होती, पण दोन्ही वजाबाक्या तंतोतंत जुळायला हव्या होत्या. ट्यूब तर तासातासाला लहर बदलत. दर तासाला कुणाला तरी त्यांचा विद्युतप्रवाह जुळवत बसावं लागे. ब्लॅक यांना हे पसंत नव्हतं.

2 ऑगस्ट 1927 रोजी सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकावाना फेरीबोटीतून कामावर जाताना त्यांना दुसरं उत्तर सुचलं. हाताशी 'न्यूयॉर्क टाइम्स' होता, त्याच्या पानावरच त्यांनी आकृती आणि समीकरणं लिहून काढली. बाहेर आलेल्या संदेशाचा छोटा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, ही ती कल्पना. यालाच ऋण फीडबॅक म्हणतात.

याची जादू गणितात दिसते. हवी आहे शंभरपट, पण ॲम्प्लिफायर घ्यायचा दहा हजारपट करणारा. बाहेरच्या संदेशाचा शंभरावा हिस्सा आत उलटा जोडला की एकूण वाढ होते 10,000 भागिले 101, म्हणजे 99. आता ट्यूब थकली आणि तिची ताकद निम्म्यावर, 5000 वर, आली असं धरा. एकूण वाढ होईल 5000 भागिले 51, म्हणजे 98. आतलं यंत्र अर्धमेलं झालं तरी बाहेर फक्त एका टक्क्याचा फरक! त्याच वर्षीच्या 29 डिसेंबरला ब्लॅक यांनी 4 ते 45 किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात भेसळ एक लाखपट कमी करून दाखवली. मेहनतीने मिळवलेली ताकद अशी फेकून द्यायची, हे पेटंट कार्यालयाच्या गळी उतरायला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला. पेटंट मिळालं 1937 च्या डिसेंबरात.

5. दहा नॅनोसेकंदांची अडचण

मग टॉवरवरही फीडबॅकच का लावत नाहीत? ब्लॅक यांचा पट्टा होता 45 किलोहर्ट्‌झपर्यंतचा आणि आजचा आहे 100 मेगाहर्ट्‌झ रुंद, हे त्याचं कारण.

बाहेरचा संदेश आत परत आणायला वेळ लागतो. केबलमध्ये तो एका नॅनोसेकंदात साधारण 20 सेंटिमीटर जातो. तार, फिल्टर, ॲम्प्लिफायर असा सगळा वळसा मिळून 10 नॅनोसेकंद लागतात असं धरू. 45 किलोहर्ट्‌झच्या लहरीचा एक हेलकावा सुमारे 22,000 नॅनोसेकंदांचा, त्यात 10 कुठच्या कुठे बुडून जातात. आजच्या रुंद पट्ट्याची कड त्याच्या मध्यापासून 50 मेगाहर्ट्‌झ दूर असते. 50 मेगाहर्ट्‌झचा हेलकावा मात्र 20 नॅनोसेकंदांतच पुरा होतो. तिथे 10 म्हणजे बरोबर अर्धा हेलकावा. वजा करायला पाठवलेली दुरुस्ती पोचेपर्यंत लहर उलटी झालेली असते आणि वजाबाकीची बेरीज होते. भेसळ कमी होण्याऐवजी वाढते, आणि कधी ॲम्प्लिफायर स्वतःच कर्कश ओरडू लागतो. मंडपात माइक स्पीकरसमोर आला की 'कूंऽऽ' होतं ते याच कारणाने. म्हणून रेडिओत फीडबॅक टिकला तो अरुंद पट्ट्यांत, उदाहरणार्थ पोलिसांच्या वापरातल्या, 25 किलोहर्ट्‌झ रुंदीच्या 'टेट्रा' पद्धतीत.

रुंद पट्ट्यासाठी ब्लॅक यांनी बाजूला ठेवलेला फीडफॉरवर्डच पुन्हा बाहेर काढावा लागला. बेल लॅब्जमध्ये हॅरॉल्ड सायडेल यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीला आणि पुढे त्याला सूक्ष्मलहरींसाठी तयार केलं. इथे काही परत फिरत नाही, सगळं पुढेच जातं, त्यामुळे ओरडण्याचं भय नाही.

पण वजाबाकी जुळवणं हे किती नाजूक काम आहे! भेसळ 30 डेसिबेलने, म्हणजे हजारपट, कमी करायची तर दोन्ही लहरींच्या उंचीत 3 टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. उंची अचूक जुळली असेल, तर हेलकाव्याच्या वेळेत 360 पैकी 1.8 अंशांपेक्षा जास्त चूक नको. 2000 मेगाहर्ट्‌झला 1.8 अंश म्हणजे अडीच पिकोसेकंद, म्हणजेच केबलची लांबी अर्ध्या मिलिमीटरने इकडेतिकडे. मधल्या वारंवारतेवर हे स्क्रूने जुळवून घेता येतं, पण कडेला ते पुन्हा बिघडतं. पट्टा दोन्ही बाजूंना 50 मेगाहर्ट्‌झ पसरला असेल तर दोन वाटांच्या प्रवासवेळेत एक-दशांश नॅनोसेकंदाचा, म्हणजे केबलच्या दोन सेंटिमीटरचा फरक खपतो. पट्टा दुप्पट केला की सूट निम्मी होते.

1990 च्या दशकात मोबाइलच्या अनेक टॉवरवर अशी यंत्रं होती. ती स्वच्छ चालत, पण दुसरा ॲम्प्लिफायर आणि विलंबासाठी लावलेल्या केबली वीज खात. शंभर वॉट ओढावेत आणि ॲन्टेनाच्या पदरात जेमतेम दहाएक पडावेत, असा तो व्यवहार होता.

6. आटणाऱ्या कापडाचा हिशेब

सुती कापड धुतल्यावर आटणार हे ठाऊक असलेला शिंपी सदरा आधीच दोन बोटं सैल शिवतो. 'प्रीडिस्टॉर्शन' नावाची पद्धत याच हिशेबाने चालते. ॲम्प्लिफायर उंच लहरी किती आखडतो हे माहीत असेल तर त्या आधीच तेवढ्या जास्त उंच करून द्यायच्या.

आपल्याच यंत्रावर करून बघू. 20 व्होल्ट हवेत तर 2 ऐवजी 2.09 द्यायचे. 30 हवेत तर 3 ऐवजी 3.39. आतलं यंत्र पहिल्याइतकंच वाकडं राहिलं, पण बाहेरून पाहणाऱ्याला सरळ रेषा दिसते. आणि 40 हवे असतील तर? या यंत्रातून काहीही केलं तरी साडेअडतीसच्या वर मिळत नाही. 5.77 व्होल्टच्या पुढे जितकं जास्त द्यावं तितकं सूत्र कमीच उत्तर देतं. प्रीडिस्टॉर्शन वाकलेली रेषा सरळ करतं, संपलेली रेषा लांबवू शकत नाही. विक्रीपत्रकांत हे वाक्य सहसा छापलेलं नसतं.

संदेश डिजिटल झाल्यावर हे काम चिपवर गेलं. पण मघाची वेळेची अडचण इथे कशी सुटली? बाहेरच्या संदेशाचा नमुना इथेही परत आणतातच. मात्र तो चालू संदेशात मिसळत नाहीत. चिप तो मूळ संदेशाशेजारी ठेवते, फरक पाहते आणि आपला दुरुस्तीचा तक्ता सावकाश सुधारते. तक्ता काही मिलिसेकंदांनी बदलला तरी चालतं, कारण ॲम्प्लिफायरचा स्वभाव त्याहून हळू बदलतो. प्रत्यक्ष दुरुस्ती मात्र संदेश निघण्याआधीच झालेली असते. 10 नॅनोसेकंदांचा प्रश्न त्यामुळे उद्भवतच नाही.

7. ट्रान्झिस्टरची आठवण

तरीही पट्टा रुंदावला की एक नवी कटकट सुरू होते. 2 व्होल्ट दिल्यावर काय मिळेल हे आत्ताच्या 2 व्होल्टवरच ठरत नाही, क्षणापूर्वी काय दिलं होतं यावरही ठरतं. मोठी उसळी येऊन गेली की ट्रान्झिस्टर तापतो आणि काही काळ ढिला पडतो. वीजपुरवठ्याच्या तारांत व्होल्टेज डळमळतं. गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरमध्ये तर इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या दोषांत अडकून बसतात आणि ते सुटायला मायक्रोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंत किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. अरुंद पट्ट्यात यातलं बरंचसं जाणवत नाही. रुंद पट्ट्यात लहरी इतक्या झपाट्याने बदलतात की जुन्या उसळीचा डाग नव्यावर पडतो.

साधा तक्ता इथे अपुरा पडतो. मागचे काही नमुने, त्यांचे घन, पाचवे घात आणि त्यांचे आपसांतले गुणाकार, हे सगळं हिशेबात धरावं लागतं. त्याचं गणित इटालियन गणिती व्हितो व्होल्तेरा यांच्या नावाच्या श्रेणीतून येतं. ती श्रेणी पूर्ण वापरली तर पदांची संख्या हाताबाहेर जाते, म्हणून अभियंते तिची छाटणी करतात. कुठली पदं ठेवायची हे शास्त्रापेक्षा अनुभवाने ठरतं.

शिवाय घाई आहेच. 100 मेगाहर्ट्‌झच्या संदेशाची भेसळ 500 मेगाहर्ट्‌झवर पसरते, तेव्हा चिपलाही तेवढ्या रुंदीवर नजर ठेवावी लागते. सेकंदाला सुमारे 49 कोटी नमुने, म्हणजे एका नमुन्यामागे दोन नॅनोसेकंद, आणि तेवढ्यात डझनावारी गुणाकार.

हा खर्च कधी परवडतो? एकाच मोठ्या ॲम्प्लिफायरसाठी अगदी आनंदाने. पण 5जीच्या पेटीत एका मोठ्याऐवजी 64 लहान ॲम्प्लिफायर असू शकतात. पेटीची एकूण शक्ती 320 वॉट असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला 5 वॉट येतात. 5 वॉटच्या यंत्राची वीज वाचवायला त्याच्या तोडीची वीज खाणारी चिप लावण्यात अर्थ नाही. मिलिमीटर लहरींच्या पट्ट्यांत ॲम्प्लिफायर आणखी लहान आणि आणखी जास्त होतात. तिथे नियम बनवणाऱ्यांनीच 45 डेसिबेलची अट 28 च्या आसपास आणली. लहरी दूर जात नाहीत आणि ॲन्टेना त्या एका दिशेला बांधून ठेवतो, त्यामुळे हे चालून जातं.

8. दुपटीच्या पलीकडचे पट्टे

आतापर्यंत तिपटीप्रमाणेच दुप्पट वारंवारतेची, म्हणजे घनाऐवजी वर्गाच्या वाकडेपणातून येणारी, भेसळही दूर पडते, असं धरून चाललो. पट्ट्याचं वरचं टोक खालच्या टोकाच्या दुपटीच्या पुढे गेलं की तेही खरं उरत नाही. केबल टीव्हीचा ॲम्प्लिफायर साधारण 50 ते 1000 मेगाहर्ट्‌झ सांभाळतो. 200 वरच्या चॅनलची दुप्पट थेट 400 वरच्या चॅनलवर जाऊन बसते. तिथे फिल्टरचं काही चालत नाही. म्हणून दोन सारखे ट्रान्झिस्टर परस्परविरोधी चालवतात. एकाची लहर वर तर दुसऱ्याची खाली. शेवटी त्या उलट्या जोडल्या की संदेश एकत्र येतो आणि दुपटीची भेसळ परस्पर कटते.

पुण्याच्या उत्तरेला, नारायणगावजवळच्या खोडदला हाच प्रश्न उलट बाजूने भेटतो. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 ॲन्टेना आकाशातले अतिक्षीण रेडिओ संदेश टिपतात. सुधारित दुर्बिणीचा एक पट्टा 250 ते 500 मेगाहर्ट्‌झचा आहे, बरोबर दुपटीवर संपणारा. त्याच्या खालचा साधारण 120 ते 250 चा. एफएमची केंद्रं या पट्ट्याच्या बाहेर असतात, पण 91.1 आणि 98.3 मेगाहर्ट्‌झ ही पुण्याच्या श्रोत्यांना पाठ असलेली दोन ठिकाणं वाकड्या ॲम्प्लिफायरमध्ये एकत्र आली तर त्यांची बेरीज होते 189.4. पट्ट्याच्या मधोमध, जिथे कुठलंच एफएम केंद्र नाही तिथे.

प्रीडिस्टॉर्शन इथे उपयोगाचं नाही. टॉवरला आपण काय पाठवणार हे आधीच ठाऊक असतं, दुर्बिणीला आकाशातून काय येणार ते ठाऊक नसतं. मग हातात दोनच गोष्टी उरतात. भरपूर मोकळी ताकद असलेले ॲम्प्लिफायर निवडायचे, म्हणजे जवळच्या केंद्राचा जोर आला तरी ते रेषा सोडणार नाहीत. आणि नको असलेली केंद्रं फिल्टरने अडवायची. पण फिल्टर पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी लावला तर आकाशातला संदेशही थोडा खातो आणि स्वतःची खरखर मिसळतो. नंतर लावला तर पहिल्या ॲम्प्लिफायरला सगळा मारा एकट्याने झेलावा लागतो. त्यामुळे अशा रिसीव्हरची आखणी करताना फिल्टर कुठे बसवायचा यावर डेसिबेलच्या दहाव्या हिश्शापर्यंत घासाघीस चालते.